नंदादीपाचा पहारेकरी

दुसऱ्या माळेच्या दुपारी जयूबाई पोतनीसांना देवघरात जळक्या काडीचा वास आला. नंदादीप तेवत होता. देवीचे टाक जागच्या जागी होते, घटावरचा नारळ सरळ होता, आणि पाटावर बसलेली सून गौरी एका डोळ्यानं मोबाईल बघत वाती वळत होती. म्हणजे सगळं जसं असायला हवं तसंच होतं, आणि जयूबाईंना नेमका त्याचाच संशय आला.

"उदबत्ती लावलीस का गं?"

"नाही आई. का?"

"काही नाही. सहज."

जयूबाईंचं 'सहज' कधी सहज नसे. त्या कुणावर आरोप करत नसत. संशय मुदतीच्या ठेवीसारखा मनात ठेवायचा आणि वेळ आली की व्याजासकट काढायचा, ही त्यांची पद्धत. नवरात्रात नंदादीप नऊ दिवस विझू द्यायचा नाही, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून आपल्या पहाऱ्यात तो एकदाही विझलेला नाही, हे त्या भाजीवालीलासुद्धा सांगत. आता गौरीच्या पहाऱ्यात तो विझला असेल, आणि तिनं गुपचूप काडी ओढून पुन्हा लावला असेल, तर?

हा प्रश्न एरवी त्यांनी दिवाळीपर्यंत मुरवला असता. पण अष्टमीला वन्सं येणार होत्या.

वन्सं म्हणजे श्रीपादरावांची थोरली बहीण कल्पनाताई. राहायला इंदूरला, पण उज्जैनच्या माहेरातल्या कुळाचारावर त्यांची नजर असे. गेल्या अष्टमीला जयूबाईंना भिंतीला धरून पाटावरून उठताना त्यांनी पाहिलं होतं. "जयू, तुझ्याच्यानं होत नसेल तर पुढच्या वर्षीपासून टाक अमृताकडे देऊन टाकू. तिचे गुडघे अजून शाबूत आहेत," असं त्या शिऱ्याचा घास घेता घेता म्हणाल्या. अमृता ही जयूबाईंची धाकटी जाऊ, तीही इंदूरलाच. जयूबाईंनी लगेच "गौरी आहे की," असं उत्तर दिलं. त्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "गौरी. नोकरीवाली आहे ती. बघू."

ते 'बघू' जयूबाईंच्या घशात वर्षभर माशाच्या काट्यासारखं अडकून होतं. माहेरी मासे खात नसले, तरी काटा कसा असतो याची त्यांना कल्पना आली होती. टाक घरातून गेले, तर जयूबाईंकडे नुसता गॅस आणि कुकर उरणार होता. म्हणून वन्सं यायच्या आत त्यांना एकच गोष्ट पक्की करून घ्यायची होती: गौरीच्या हाती दिवा राहतो की नाही.

मुलगा रुचिर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. त्याला त्यांनी संध्याकाळी पोह्यांची बशी देऊन बसवलं.

"काय रे, असं काही करता येतं का, की दिवा मंदावला तर आपल्याला बाहेर बसून कळेल?"

रुचिरचा हात थांबला. इतक्या वर्षांत आईनं त्याच्या विद्येचा उपयोग मिक्सरचा प्लग बदलण्यापलीकडे केला नव्हता. "येतं ना. एकदम येतं," तो म्हणाला आणि पोहे तसेच ठेवून उठला.

तिसऱ्या माळेला त्यानं साबणाची पांढरी डबी आणली. एका बाजूनं पेनची काळी नळी बाहेर आलेली, दुसऱ्या बाजूला कर्कश आवाजाची काळी टिकली. "हे बघ. या नळीत एक ठिपका आहे. त्याच्यावर दिव्याचा प्रकाश पडतो, तसं आत व्होल्टेज कमीजास्त होतं. मी त्याला दोन मर्यादा घालून दिल्यात, एक खालची, एक वरची. व्होल्टेज दोघींच्या मधे आहे तोवर डबी गप्प. खाली गेलं म्हणजे दिवा मंदावतोय. वर गेलं म्हणजे वात भडकलीय. दोन्ही वेळेला बोंबलणार. याला विंडो कंपॅरेटर म्हणतात."

"देवघराला खिडकी कुठेय?"

"खिडकी नाही म्हणून तर बरं. बाहेरचा उजेड येत नाही. फक्त ट्यूबलाइट लावू नका, नाहीतर उगाच कोकलेल."

"आणि बंद करायचं बटण?"

"ते इथे, बाजूला देतो."

"आत टाक," जयूबाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाच्या हाताला लागायला नको."

रुचिरनं बटण आत टाकलं, झाकण स्क्रूनं कसलं आणि डबी दिव्यासमोरच्या भिंतीला पक्की चिकटवली. आईला विज्ञानाची गोडी लागली, एवढाच अर्थ त्यानं काढला. इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला घरातले करंट समजत नाहीत. गौरीला मात्र डबी बघताक्षणी समजलं. ती फ्रीगंजमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीला काम करायची, तिथे प्रत्येक रिपोर्टात अशीच खालची आणि वरची मर्यादा छापलेली असते. ती मर्यादा सोडली की डॉक्टर रुग्णाकडे जसं बघतो, तसं सासूबाई आपल्याकडे बघतायत, हे तिच्या ध्यानात आलं.

"तुझी आई माझ्यावर पहारा बसवून राहिलीय," ती रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याला म्हणाली.

"अगं, दिव्यावर."

"दिव्याला कळतं होय, की पहारा आहे?"

डबीनं पहिल्याच आरतीला इंगा दाखवला. निरांजन ओवाळायला सुरुवात झाली आणि ती किंचाळली. उजेड वरच्या मर्यादेबाहेर गेला होता. श्रीपादरावांनी घंटा थांबवली. मग त्यांना वाटलं हे घंटेला उत्तर असेल, म्हणून पुन्हा वाजवली. रुचिरनं सगळ्यांना आरती दोन पावलं मागे सरकून करायला लावली. चौथ्या माळेला कुणी डबीच्या आणि दिव्याच्या मधे उभं राहिलं की ती वाजू लागली, कारण सावली पडून उजेड कमी व्हायचा. घरातली माणसं देवापुढे भिंतीला घासून, तिरकी चालू लागली.

पण जयूबाईंना त्यातून भलताच फायदा झाला. देवघरात कोण, केव्हा गेलं, हे त्यांना आता स्वयंपाकघरात बसून कळायचं. आणि रोज दुपारी, गौरीचा पहारा असताना, डबी एकदा तरी टुंईं करून गप्प व्हायची. पाचव्या माळेला त्या गुडघे धरत झटकन गेल्या, तर आत गौरी नव्हतीच, श्रीपादराव नंदादीपाच्या समईसमोर वाकून उभे.

"तुम्ही इथे काय करून राहिलात?"

"नमस्कार."

श्रीपादरावांना सकाळची पूजा झाली की दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत देव आठवत नसे. जयूबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग नैवेद्याच्या वाटीतल्या खडीसाखरेकडे. साखर वाढलेल्या माणसाचा हा नमस्कार त्यांनी ओळखला.

"तोंड उघडा."

"कशाला?"

"उघडा म्हणते ना."

श्रीपादरावांनी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. जयूबाईंच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की त्यांनी आधीच गिळलं होतं. खडीसाखर फ्रिजवर गेली, आणि गौरी त्या वेळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती, हेही मनातल्या ठेवीत जमा झालं.

अष्टमीला सकाळच्या बसनं कल्पनाताई आल्या. येताना टॉवर चौकात उतरून गरम कचोऱ्या घेतल्या, "मला उपास नाही, डॉक्टरनं बंद केलाय," असं कुणी न विचारता सांगितलं आणि हातपाय धुऊन देवघरात गेल्या. त्यांना नमस्कार करतानाच भिंतीवरची डबी दिसली.

"हे काय लावलंय?"

"रुचिरनं केलंय, वन्सं," जयूबाई अभिमानानं म्हणाल्या. "दिवा जरा इकडेतिकडे झाला की वाजतं. नंदादीप विझायची बातच नाही."

कल्पनाताईंनी डबी डावीकडून पाहिली, उजवीकडून पाहिली. मग जयूबाईंकडे पाहिलं.

"म्हणजे विझतो वाटतं."

"विझू नये म्हणून."

"हो, पण कुलूप तिथेच लावतात ना, जिथे चोरी झालेली असते. आमच्या आईच्या वेळी असलं काही लागलं नाही बाई."

गौरीला पकडायला लावलेला सापळा, आणि वन्सं आल्या आल्या त्यात सापडलं ते घरच. आता ही डबी नुसती एकदा वाजली, तरी टाक इंदूरच्या बसमध्ये बसलेच म्हणून समजायचं. त्यांनी रुचिरला कोपऱ्यात घेतलं.

"ती बंद कर."

"का गं? मस्त चालून राहिलीय."

"कर म्हणते ना."

"करीन, पण आत्याला काय सांगू? ती मघाशी मला विचारत होती, दिवसभर चालू असते ना रे, की आम्ही आलो म्हणून लावलीय?"

म्हणजे बंद करणंही धोक्याचं. जयूबाईंनी मग दुसरा बंदोबस्त केला. दुपारचा पहारा गौरीचा असे, तो त्यांनी काढून घेतला. "तू फ्रीगंजमधनं कुमारिकांसाठी रुमाल आणि बांगड्या घेऊन ये. मी बसते इथे." गौरीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, वन्संसमोर माझ्यावर एवढाही भरवसा नाही. ती पिशवी घेऊन गेली. रुचिर कॉलेजात गेला, श्रीपादराव वरच्या खोलीत आडवे झाले, आणि कल्पनाताई शेजारच्याच खोलीत कचोऱ्यांच्या भरवशावर घोरू लागल्या.

जयूबाई देवघरात खुर्ची टाकून बसल्या. पाटावर बसलं तर उठवायला दुसरं माणूस लागलं असतं. दिवा छान तेवत होता. डबी गप्प होती. जयूबाईंना प्रथमच वाटलं, की आपण उगाच इतकं मनाला लावून घेतलं. मग वातीवर काजळीचं फूल धरलं. ज्योत जराशी लालसर झाली, आणि डबीनं बारीकसं 'टुं' केलं.

त्यांनी चटकन पितळी काडी उचलली आणि काजळी झाडायला पुढे वाकल्या. गुडघ्यात कळ आली, हात हलला, वात तेलात सरकली. चर्र झालं आणि दिवा विझला.

डबीनं आभाळ फाडलं.

जयूबाईंनी आधी दोन्ही हातांनी डबी दाबली. आवाज तसाच. नळीवर बोट ठेवलं. अंधार पाहून ती आणखी जोरात ओरडली असं त्यांना वाटलं, पण आवाज तितकाच होता, त्यांचा जीव आणखी घाबरला होता इतकंच. बटण आत, स्क्रूच्या मागे. कुणी टाकायला लावलं होतं, ते त्यांनी त्या क्षणी आठवायचं टाळलं. शेजारच्या खोलीतलं घोरणं अडखळलं. आता फक्त उजेड हवा होता. त्यांनी कमरेला खोचलेला मोबाईल काढला, त्याचा टॉर्च लावला आणि थेट नळीत रोखला.

डबी ओरडतच राहिली. उजेड वरच्या मर्यादेच्या पार गेला होता.

"अगं बाई, कमी पण नको आणि जास्त पण नको. नखरे किती," जयूबाई पुटपुटल्या आणि मोबाईल मागे घेऊ लागल्या. मागे, आणखी मागे. भिंतीपासून पुरता हातभर अंतर झालं, मोबाईल जरा तिरपा झाला, आणि एकदम शांतता पसरली. शेजारी घोरणं पुन्हा लयीत लागलं.

आता काय? हात खाली आला की वाजणार. पुढे गेला की वाजणार. काडेपेटी होती स्वयंपाकघरात. मोबाईल टेकवून ठेवायला समोर एकच वस्तू होती, घटावरचा नारळ, आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. तेव्हा जयूबाई उजवा हात लांब करून, विझलेल्या दिव्यासमोर, स्वतःच तेवत उभ्या राहिल्या. खांदा भरून आला. आणि त्यांच्या मुठीतला मोबाईल घुं घुं करत थरथरला. अमृता फोन करून राहिली होती, इंदूरहून, व्हिडिओ कॉल, अष्टमीचं दर्शन घ्यायला.

तेवढ्यात मागून चपला काढल्याचा आवाज आला. गौरी पिशवी घेऊन दारात उभी होती. तिनं सासूबाई पाहिल्या, मोबाईल पाहिला, काळी समई पाहिली.

"आई, हे काय करून राहिल्या?" ती कुजबुजली.

"दिसत नाही? दिवा झालेय मी. माचिस आण आधी. पळ. वन्सं जाग्या होतील."

गौरी पळाली नाही. तिनं पिशवी खाली ठेवली, भिंतीला घासून आत आली, देवीच्या लाकडी मखराच्या मागे सराईतपणे हात घातला आणि तिथल्या कोनाड्यातून काडेपेटी काढली.

जयूबाईंचा हात हलता हलता राहिला. "ही तिथे कुणी ठेवली?"

"बाबांनी. माझ्या पहिल्याच नवरात्रात दाखवून ठेवलं. म्हणाले, कधी लागली तर इथे आहे, आईला त्रास नको."

"म्हणजे त्या दिवशी..."

"विझला होता, आई. मी लावला. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही उदबत्तीचं विचारलं."

गौरीनं वात वर ओढली, काडी पेटवली आणि दिवा लावला. ज्योत सरळ उभी राहिली. दोघींनी सुस्कारा सोडला.

पण टॉर्च अजून चालूच होता. टॉर्चचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिळून बेरीज वरच्या मर्यादेबाहेर गेली, आणि डबी पुन्हा किंचाळली. जयूबाईंनी गडबडीत टॉर्च बंद करायला बोट मारलं, ते अमृताच्या फोनवर पडलं. फोन सुरू झाला. "नमस्कार वहिनी, काय वाजून राहिलंय हो?" असं अमृतानं विचारलं, आणि त्याच वेळी दारात कल्पनाताई उभ्या राहिल्या, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

गौरीनं सासूबाईंच्या हातातून मोबाईल घेतला, "काकू, आत्ताच करते," म्हणून फोन ठेवला, टॉर्च विझवला. डबी गप्प झाली. दिवा तेवत होता. हवेत काडीचा धूर तरंगत होता, आणि काडेपेटी गौरीच्या दुसऱ्या हातात होती.

"काय चाललंय?" कल्पनाताई म्हणाल्या.

"काही नाही आत्या," गौरी म्हणाली. "आई काजळी काढत होत्या. दिसत नव्हतं म्हणून टॉर्च धरला. उजेड जास्त झाला की वाजतं ते."

"आणि माचिस?"

"उदबत्ती लावायला."

उदबत्ती कुठेच नव्हती. कल्पनाताईंची नजर काडेपेटीवरून मखराकडे गेली, मखरामागे गेली आणि तिथे बराच वेळ थांबली. जयूबाईंनी डोळे मिटले. टाक, अमृता, इंदूरची बस, सगळं त्यांना एकदम दिसलं. तेवढ्यात आवाज ऐकून श्रीपादराव खाली आले होते, तेही चौकटीत येऊन थबकले.

"श्रीपाद," कल्पनाताई म्हणाल्या, "ती माचिस अजून तिथेच ठेवता होय रे तुम्ही?"

श्रीपादरावांनी मान खाली घातली. "आईनं जिथे दाखवली होती तिथेच आहे, ताई. मी फक्त दरवर्षी नवी ठेवतो."

"मला पण तिथेच दाखवली होती," कल्पनाताई म्हणाल्या. "मी परकर नेसायची तेव्हा. म्हणाली होती, बाबांना सांगायचं नाही."

मग जयूबाईंनी नवऱ्याकडे सावकाश वळून पाहिलं. "हे घरातल्या सगळ्यांना माहीत, आणि मला नाही?"

"तुला कशाला सांगायचं?" श्रीपादराव चाचरत म्हणाले. "तुझ्या पहाऱ्यात कधी विझला नाही, असं तू इतक्या कौतुकानं सांगायचीस. वाती करता करता तुला डुलकी लागायची. मी येऊन लावून जायचो."

"म्हणून दुपारी नमस्कार?"

"तेल बघायला यायचो. ही डबी लागल्यापासून मला धड बघता पण येईना. आणि वरून तू माझं तोंड उघडून बघितलंस."

जयूबाई खुर्चीत बसल्या. इतक्या वर्षांची जमा अशी एका दुपारी वजा झाली, की पाठ टेकायला खुर्ची होती म्हणूनच त्या निभावल्या. कल्पनाताईंनी मात्र पदर खोचला, दिव्यात पळीभर तेल घातलं, गौरीच्या हातातून काडेपेटी घेतली आणि मखरामागे, पाहावं लागलं नाही इतक्या अचूक, ठेवून दिली.

"टाक राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "अमृताच्या देवघराला मागे कोनाडाच नाही. ग्रॅनाइट लावून ठेवलंय सगळं. आणि गौरी, चहा टाक बाई. साखर बघून टाक, श्रीपादचं तोंड पुन्हा उघडून बघायला नको."

संध्याकाळी रुचिर आला, तो डबीनं काम कसं केलं हे विचारतच. घरात सगळे त्याच्याकडे प्रेमानं बघत होते, त्यामुळे त्याला जरा काळजी वाटली.

"चांगली आहे रे," जयूबाई म्हणाल्या. "फक्त तुझ्या त्या मर्यादा जरा सैल कर."

"कुठली? वरची की खालची?"

"दोन्ही."

"किती करू?"

जयूबाईंनी देवघराकडे पाहिलं. आत गौरी वाती वळत बसली होती, आणि तिच्यासमोर वन्सं.

"दिवा लागलेला असो की विझलेला," त्या म्हणाल्या, "दोन्ही आत बसतील एवढ्या."